फेनिटॉइनचा डोस एक तृतीयांशाने वाढवला, मग रक्तातील पातळी तिपटीने कशी वाढली?

कोयनाकाठ:

माझ्या वडिलांचे वय ६१ वर्षे आहे आणि वजन साधारण ६० किलो आहे. चौदा वर्षांपूर्वी मोटारसायकलच्या अपघातात त्यांच्या डोक्याला मार लागला, त्यानंतर त्यांना आकडी येऊ लागली, आणि तेव्हापासून ते रोज रात्री जेवणानंतर फेनिटॉइन ३०० मिलिग्रॅम घेत आहेत. गेली सहा वर्षे एकदाही आकडी आली नव्हती. दोन महिन्यांपूर्वी मात्र एकाच आठवड्यात दोनदा आली, म्हणून डॉक्टरांनी रक्तातील औषधाची पातळी तपासायला सांगितली. ती ९ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर निघाली. रिपोर्टवर अपेक्षित मर्यादा १० ते २० अशी छापलेली होती. पातळी कमी आहे असे म्हणून डॉक्टरांनी डोस ४०० मिलिग्रॅम केला.

पहिले आठ-दहा दिवस काहीच जाणवले नाही. त्यानंतर पहाटे गोठ्यात धार काढायला बसताना त्यांचा तोल जाऊ लागला. चहाची बशी तोंडाशी नेताना हात थरथरायचा, पाय फाकवून चालावे लागायचे आणि बोलताना जीभ जड व्हायची. एकटक एका बाजूला पाहायला सांगितले की बुबुळे सारखी हलताना दिसायची. गावात दोघा-तिघांनी ते दारू पिऊन आल्याची शंका घेतली. वडील माळकरी आहेत, त्यांनी आयुष्यात दारूला स्पर्श केलेला नाही, त्यामुळे हे त्यांच्या मनाला फार लागले. एकोणिसाव्या दिवशी पुन्हा रक्त तपासले तेव्हा पातळी २८ निघाली. दोन दिवस गोळी बंद ठेवून आता ३५० मिलिग्रॅम सुरू केले आहे आणि तोल बऱ्यापैकी सावरला आहे.

माझे दोन प्रश्न आहेत. ३०० चे ४०० केल्यावर ९ चे १२ व्हायला हवे होते, मग २८ कसे झाले, आणि यात तपासणीची काही चूक असू शकते का? दुसरे असे की माझ्या चुलत्यांचे वजन वडिलांएवढेच असून तेही हेच औषध गेली अनेक वर्षे ४०० मिलिग्रॅम घेतात आणि त्यांना काहीही त्रास नाही. एकाच घरातल्या दोन सख्ख्या भावांमध्ये एवढा फरक कसा पडतो?

औषधशास्त्र शिक्षक:

ताई, वडिलांना झालेला त्रास आणि त्याहून अधिक त्यांना सोसावा लागलेला गैरसमज वाचून वाईट वाटले. मी वैद्यकीय महाविद्यालयात बरीच वर्षे औषधशास्त्र शिकवले आहे, आणि तुम्ही मांडलेला त्रैराशिकाचा हिशेब दर वर्षी विद्यार्थीही मांडतात. तो हिशेब बहुतेक औषधांना लागू पडतो, फेनिटॉइनला पडत नाही.

तोंडाने घेतलेले औषध आतड्यातून रक्तात शोषले जाते, रक्तावाटे शरीरभर पसरते, बहुधा यकृतात त्याचे रासायनिक रूपांतर होते आणि शेवटी ते मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडते. बहुसंख्य औषधांच्या बाबतीत शरीर दर तासाला रक्तातल्या औषधाचा ठरावीक हिस्सा काढून टाकते, म्हणजे रक्तात औषध दुप्पट झाले तर बाहेर टाकले जाणारे औषधही दुप्पट होते, आणि म्हणूनच तिथे डोस आणि पातळी यांचे प्रमाण सरळ राहते. फेनिटॉइनचे रूपांतर यकृतातील मुख्यतः सीवायपी२सी९ आणि काही अंशी सीवायपी२सी१९ या विकरांकडून (रासायनिक बदल घडवून आणणाऱ्या प्रथिनांकडून) होते, आणि या विकरांची क्षमता आपण नेहमी देतो त्या डोसच्या आसपासच संपत येते. इतर बहुतेक औषधे या मर्यादेच्या कितीतरी खालीच राहतात, त्यामुळे त्यांच्या बाबतीत ही मर्यादा आहे हे कळतही नाही.

तुम्ही कोयनेकाठच्या असाल तर साखर कारखान्याचे उदाहरण चटकन लक्षात येईल. कारखान्याची गाळप क्षमता दिवसाला अमुक टन अशी ठरलेली असते. आवक निम्मी असली तर आलेली गाडी त्याच दिवशी गव्हाणीवर रिकामी होते. आवक क्षमतेच्या जवळ पोचली की गाडीतळावर रांग दिसू लागते, आणि त्यात रोज थोड्या जास्त गाड्या आल्या तर वाढीव गाड्यांपुरतीच रांग होत नाही, कारण कालच्या उरलेल्या गाड्यांत आजच्या उरलेल्या गाड्यांची भर पडत जाते आणि रांग रस्त्यावर येते. रक्तातील पातळी म्हणजे ही रांग आहे. एका बाबतीत मात्र हे उदाहरण अपुरे आहे. यकृताचे काम क्षमतेच्या रेषेवर एकाएकी अडत नाही, रांग वाढते तसा त्याचा वेगही थोडा थोडा वाढतो, पण ती वाढ उत्तरोत्तर क्षीण होत जाते.

हा हिशेब आकड्यांत मांडता येतो. रोजच्या डोसला एका स्थिरांकाने गुणायचे आणि कमाल क्षमतेतून डोस वजा करून जे उरेल त्याने भागायचे, की स्थिरावलेली पातळी मिळते. हा स्थिरांक म्हणजे ज्या पातळीला विकरे निम्म्या क्षमतेने काम करतात ती पातळी. तो माणसागणिक बराच बदलतो, पण सरासरी ४ धरण्याची पद्धत आहे. वडिलांची पातळी ३०० मिलिग्रॅमवर ९ होती, यावरून त्यांची कमाल क्षमता दिवसाला सुमारे ४३३ मिलिग्रॅम येते. आता तुम्हीच करून पाहा. ३५० मिलिग्रॅमला पातळी सुमारे १७ येते आणि ४०० मिलिग्रॅमला सुमारे ४८. पहिल्या पन्नासाने पातळी आठाने वाढली आणि पुढच्या पन्नासाने एकतीसने, कारण भाजकात उरणारी रक्कम १३३ वरून ८३ आणि ८३ वरून ३३ अशी घटत गेली.

म्हणून २८ हा आकडा मला मुळीच संशयास्पद वाटत नाही. उलट एकोणिसाव्या दिवशी पातळी अजून चढतच होती, असेच मी म्हणेन. वडिलांचे वजन ६० किलो आणि औषध पसरण्याचे आकारमान त्या मानाने सुमारे ४० लिटर धरून मी दिवसागणिक हिशेब मांडला, तेव्हा पाचव्या दिवशी पातळी १७ च्या थोडी वर आणि एकोणिसाव्या दिवशी २८ च्या आसपास येते. पाचव्या दिवशीच्या या आकड्याकडे सर्वांनी नीट पाहावे असे मला मनापासून वाटते. त्या दिवशी कोणी रक्त तपासले असते, तर रिपोर्ट १० ते २० च्या मर्यादेतच आला असता, घरचे आणि डॉक्टर दोघेही निश्चिंत झाले असते, आणि तरीही पुढच्या दोन आठवड्यांत वडिलांचा तोल गेलाच असता. इतर बहुतेक औषधे त्यांच्या अर्धायुष्याच्या, म्हणजे रक्तातील पातळी निम्मी व्हायला लागणाऱ्या काळाच्या, चार-पाच पट काळात स्थिरावतात. फेनिटॉइनचे अर्धायुष्य एका आकड्यात सांगता येत नाही, कारण पातळी जितकी वाढते तितके ते लांबते आणि स्थिरावायला कित्येक आठवडे लागू शकतात.

चुलत्यांच्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. त्यांची क्षमता दिवसाला ५०० मिलिग्रॅम असेल तर ४०० च्या डोसला त्यांची पातळी १६ राहील. दोघांचे वजन सारखे, रक्ताचे नाते सख्खे, आणि तरी यकृताच्या क्षमतेतील सुमारे पंधरा टक्क्यांच्या फरकाने एकाला १६ आणि दुसऱ्याला ४८. इथे वजनाच्या काट्यावरून डोस ठरवणे फारच अपुरे पडते.

या औषधाची संवेदनशीलता ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहरात १९६८ च्या सुमारास फार कटू अनुभवातून कळली. तिथे डोस तोच असूनही अनेक रुग्णांना तुमच्या वडिलांसारखीच लक्षणे दिसू लागली. शोध घेतल्यावर आढळले की कॅप्सूलमध्ये भर म्हणून पूर्वी कॅल्शियम सल्फेट असायचे, त्याऐवजी लॅक्टोज वापरले जाऊ लागले होते. कॅल्शियम सल्फेटमुळे औषधाचा काही भाग शोषला जात नसे, तो आता शोषला जाऊ लागला. शोषणातला हा फरक दुसऱ्या एखाद्या औषधात कोणाच्या ध्यानातही आला नसता.

आता डोस वाढवण्याविषयी. सर्वसाधारण प्रघात असा आहे की पातळी ७ च्या खाली असेल तरच १०० मिलिग्रॅमची वाढ करावी, ७ ते १२ असेल तर ५० ची करावी आणि १२ च्या वर असेल तर ३० किंवा त्याहून कमी करावी. वडिलांना ५० ची वाढ योग्य ठरली असती. पण आपल्याकडे खेड्यापाड्यांतील दुकानांत १०० मिलिग्रॅमची गोळी सहज मिळते आणि लहान मात्रेची गोळी मागवून घ्यावी लागते, त्यामुळे वाढही शंभराचीच होऊन बसते. आता दिलेला ३५० चा डोस मला समंजस वाटतो. पुढची तपासणी निदान तीन-चार आठवड्यांनी करा, आणि तोल पुन्हा जाऊ लागला तर मात्र तारखेची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना दाखवा. काहीही झाले तरी गोळी स्वतःहून अचानक बंद करू नका, कारण एकाएकी बंद केल्याने न थांबणारी आकडी येऊ शकते.

नाक्यावरचा फार्मासिस्ट:

सरांनी यकृताची बाजू फार छान समजावली. मी सव्वीस वर्षे औषधाचे दुकान चालवतो आणि फेनिटॉइनच्या बाबतीत एक गोष्ट नेहमी विचारतो, तीच इथेही विचारतो. वडिलांनी मधल्या काळात दुसरे कोणते औषध घेतले होते का?

असे विचारण्याचे कारण म्हणजे ज्या विकरांचा सरांनी उल्लेख केला, त्यांचे काम मंदावणारी औषधे आपल्याकडे सर्रास घेतली जातात. गजकर्णासाठी दिले जाणारे फ्लुकोनॅझोल सीवायपी२सी९ चे काम रोखते आणि फेनिटॉइनची पातळी वाढवते. गजकर्ण आता इतके पसरले आहे की ही गोळी घरातल्या एकाची चिठ्ठी दाखवून दुसऱ्यासाठी मागितली जाते. क्षयरोगावरचे आयसोनियाझिडही फेनिटॉइनची पातळी वाढवते, विशेषतः ज्यांच्या शरीरात आयसोनियाझिडचे रूपांतर सावकाश होते त्यांच्यात. त्याच उपचारातले रिफॅम्पिसिन मात्र यकृतातील विकरे वाढवून पातळी खाली आणते. क्षयाच्या उपचारात ही दोन्ही औषधे एकत्र असतात, त्यामुळे एखाद्या रुग्णात कोणाचा जोर अधिक होईल ते रक्त तपासल्याशिवाय सांगता येत नाही, आणि उपचार संपून दोन्ही औषधे थांबली की पातळी पुन्हा बदलते हे तर हमखास विसरले जाते. ॲसिडिटीवरची अँटासिडे (पोटातील आम्ल शमवणारी औषधे) फेनिटॉइनबरोबरच घेतली तर शोषण कमी होते, म्हणून दोन्हींमध्ये दोन-तीन तासांचे अंतर ठेवायला मी सांगतो. फोलिक ॲसिड सुरू केल्यानेही पातळी उतरू शकते.

दुसरा मुद्दा पातळ औषधाचा आहे. तो तुमच्या वडिलांना लागू नाही, पण हा धागा वाचणाऱ्या आईवडिलांसाठी लिहितो. लहान मुलांचे फेनिटॉइन हे पाण्यात विरघळलेले औषध नसून त्यात औषधाचे बारीक कण तरंगत असतात, आणि बाटली उभी ठेवली की ते तळाशी बसतात. एक आजी नातवासाठी औषध नेत असत. बाटली नवी असताना मुलाला आकडी येई आणि संपत आली की ते दिवसभर पेंगुळलेले राही, असे त्यांनी दोनदा सांगितल्यावर माझ्या लक्षात आले. मी त्यांना दुकानातच एक बाटली उजेडासमोर धरून तळाचा पांढरा थर दाखवला. बाटली न हलवल्याने सुरुवातीच्या चमच्यांत औषध कमी आणि शेवटच्या चमच्यांत भरपूर जात होते. तेव्हापासून मी बाटलीवर "खूप हलवा" असे जाड अक्षरांत लिहूनच देतो. शिवाय गोळीत बहुधा फेनिटॉइनचा सोडियम क्षार असतो आणि १०० मिलिग्रॅम क्षारात प्रत्यक्ष फेनिटॉइन ९२ मिलिग्रॅम असते, तर पातळ औषधात शुद्ध फेनिटॉइन असते. गोळीवरून पातळ औषधावर जाताना हा आठ टक्क्यांचा फरक डॉक्टरांच्या नजरेस आणून द्यावा, कारण सरांनी दाखवल्याप्रमाणे इथे आठ टक्केसुद्धा थोडे नाहीत.

रक्तनमुना:

मी प्रयोगशाळेत औषधांच्या पातळ्या मोजण्याचे काम करते. कोयनाकाठ ताई, रिपोर्टमधला आकडा वाचण्यापूर्वी मला दोन गोष्टी विचाराव्याशा वाटतात. दोन्ही वेळा रक्त दिवसाच्या कोणत्या वेळी घेतले होते, आणि वडिलांचे अल्ब्युमिन किती आहे?

वेळेचा मुद्दा लवकर आटोपतो. नमुना पुढच्या गोळीच्या थोडा आधी घ्यावा, आणि प्रत्येक वेळी गोळीपासून तेवढ्याच अंतराने घ्यावा, म्हणजे दोन रिपोर्टांची तुलना करता येते. नमुन्याच्या कागदावर "शेवटची गोळी किती वाजता" हा रकाना असतो आणि दहातले सहा-सात कागद माझ्याकडे तो रकाना कोरा ठेवूनच येतात, याची मला फार खंत वाटते.

अल्ब्युमिनचा मुद्दा अधिक गंभीर आहे. रक्तातील सुमारे ९० टक्के फेनिटॉइन अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेले असते आणि उरलेले सुमारे १० टक्केच मोकळे असते. मेंदूत पोचून काम करते ते हे मोकळे औषध, आणि त्रासही तेच देते. आमचे यंत्र मात्र साधारणतः चिकटलेले आणि मोकळे असे दोन्ही मिळून मोजते. ज्याचे अल्ब्युमिन कमी आहे त्याच्या रक्तात औषधाला चिकटायला जागा कमी असते, त्यामुळे एकूण आकडा लहान दिसतो, पण त्यातला मोकळा हिस्सा मोठा असतो. यासाठी शायनर आणि टोझर यांचे सूत्र वापरतात. अल्ब्युमिनच्या ग्रॅम प्रति डेसिलिटरमधील आकड्याला ०.२ ने गुणायचे, त्यात ०.१ मिळवायचे आणि जी संख्या येईल तिने रिपोर्टमधल्या पातळीला भागायचे. यकृताच्या जुन्या आजाराच्या एखाद्या रुग्णाचे अल्ब्युमिन २.५ आहे आणि पातळी १२ आली असे समजा. ०.२ गुणिले २.५ म्हणजे ०.५, अधिक ०.१ म्हणजे ०.६, आणि १२ भागिले ०.६ म्हणजे २०. कागदावरचा १२ पाहून डोस वाढवला तर तो रुग्ण थेट विषबाधेत जाईल. मूत्रपिंडे निकामी झालेल्यांसाठी हे सूत्र थोडे वेगळे आहे आणि अशा रुग्णांत शक्य असेल तिथे मोकळे फेनिटॉइन थेट मोजणेच चांगले. त्याची अपेक्षित मर्यादा १ ते २ अशी आहे.

मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या क्लिनिकल फार्माकॉलॉजी विभागात औषधांची पातळी मोजून डोसविषयी सल्ला देण्याचे काम वर्षानुवर्षे चालू आहे. ज्यांना मुंबई गाठणे शक्य आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन चौकशी करायला हरकत नाही.

कोयनाकाठ:

आपणा सर्वांचे मनापासून आभार. दोन्ही वेळा रक्त सकाळी नऊच्या सुमारास घेतले होते आणि गोळी आदल्या रात्री साडेआठला झाली होती. बाकी कोणतेही औषध चालू नव्हते, गजकर्णाचेही नाही. फाईल काढून पाहिली तर दुसऱ्या वेळच्या तपासणीत अल्ब्युमिन ३.६ लिहिलेले आहे. ताईंनी सांगितल्याप्रमाणे हिशेब केला तर ०.८२ येते, आणि २८ भागिले ०.८२ म्हणजे ३४. पहिल्या वेळी अल्ब्युमिन तपासले नव्हते, पण ते तेवढेच असेल असे धरले तर ९ चे ११ होतात. मग पहिली पातळी मुळात कमी नव्हतीच, असे समजायचे का? आणि तसे असेल तर सहा वर्षांनी आकडी का आली?

एक गोष्ट मी आधी लिहिली नव्हती, कारण ती महत्त्वाची असेल असे वाटले नाही. त्या आठवड्यात गावची जत्रा होती. वडील दोन रात्री भजनाला बसले होते आणि त्यातल्या एका रात्री जेवण झाले नाही म्हणून गोळीही राहिली होती.

औषधशास्त्र शिक्षक:

ताई, तुम्ही आता जे लिहिले तेच सर्वांत महत्त्वाचे होते. जागरण हे आकडी येण्याचे अगदी नेहमीचे कारण आहे, आणि त्यात एक गोळी चुकली. अशा वेळी पातळी ९ असो किंवा हिशेबाने ११ असो, आधी जागरण आणि चुकलेली गोळी यांची नोंद व्हायला हवी होती. डोस वाढवण्याची गरज खरोखर होती का, हा प्रश्न तुम्ही डॉक्टरांना अवश्य विचारा. त्यांना जत्रेची आणि चुकलेल्या गोळीची माहिती नसेल तर त्यांच्या समोर फक्त दोन आकड्या आणि ९ हा आकडा होता, आणि त्यावरून कोणीही डोस वाढवलाच असता.

१० ते २० ही मर्यादा अनेक रुग्णांच्या अनुभवावरून ठरलेली आहे. सहा वर्षे ज्याला ३०० मिलिग्रॅमवर आकडी आली नाही, त्याच्यासाठी ३०० वर स्थिरावणारी त्याची पातळी हीच योग्य पातळी असते, मग कागदावर ती ८ दिसो की ९. म्हणून रुग्ण ठीक असताना एकदा पातळी मोजून ठेवावी असे मी नेहमी सांगतो. पुढे काही बिघडले तर छापील मर्यादेऐवजी त्याच्या स्वतःच्या आकड्याशी तुलना करता येते. वडिलांचा असा आकडा कोणाकडेच नव्हता.

अल्ब्युमिनच्या हिशेबाने आलेला ३४ हा आकडा लक्षणांशीही चांगला जुळतो. साधारणपणे २० च्या वर बुबुळे हलू लागतात, ३० च्या वर तोल जातो आणि ४० च्या वर ग्लानी येते. यात माणसागणिक फरक पडतो, पण वडिलांना ग्लानी नव्हती आणि तोल मात्र गेला होता.

पुण्याची वाचक:

मी वैद्यकीय क्षेत्रातली नाही, पण माझ्या मुलीला हेच औषध लिहून दिले आहे म्हणून सगळे लक्षपूर्वक वाचले. प्रत्येकाच्या यकृताची क्षमता वेगळी असेल, तर औषध सुरू करण्याआधीच जनुकीय तपासणी करून ती का ठरवत नाहीत? आणि इतके अडचणीचे औषध आजही देतातच कशाला?

औषधशास्त्र शिक्षक:

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की तपासणी उपलब्ध आहे आणि उपयोगीही आहे, पण ती पुरेशी नाही. सीवायपी२सी९ च्या जनुकाचे काही प्रकार, उदाहरणार्थ तारांकित ३ या नावाने ओळखला जाणारा प्रकार, विकराचे काम बरेच मंदावतात. आईकडून आणि वडिलांकडून असे दोन्ही मंद प्रकार आलेल्या व्यक्तीचा रोज चालू ठेवायचा डोस नेहमीच्या सुमारे निम्माच ठेवावा, अशी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक शिफारस आहे. एचएलए-बी*१५:०२ हा दुसऱ्या एका जनुकाचा प्रकार पातळीशी संबंधित नसून त्वचेच्या जीवघेण्या प्रतिक्रियेशी संबंधित आहे, आणि तो असणाऱ्यांना शक्यतो हे औषध देऊच नये. तुमच्या मुलीला पहिल्या काही आठवड्यांत अंगावर पुरळ, तोंडात फोड किंवा ताप आला, तर तपासणी झालेली असो वा नसो, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पण जनुक समजले तरी अल्ब्युमिन, दुसरी औषधे, वय आणि गर्भारपण यांमुळे होणारे बदल त्यातून कळत नाहीत, त्यामुळे रक्त तपासणे आणि लक्षणांकडे डोळसपणे पाहणे टळत नाही.

दुसऱ्या प्रश्नाविषयी सांगायचे तर मेरिट आणि पुटनम यांनी १९३८ साली हे औषध आकडीवर चालते हे दाखवले, तेव्हा झोप न आणता आकडी रोखणारे औषध मिळाले म्हणून त्याचे फार मोल वाटले. आजही ते स्वस्त आहे आणि न थांबणाऱ्या आकडीत शिरेतून देता येते. नवी औषधे डोस ठरवायला सोपी आहेत हे खरे. लेव्हेटिरासिटॅमचा सुमारे दोन तृतीयांश भाग मुळीच न बदलता लघवीवाटे जातो आणि त्याची पातळी डोसच्या सरळ प्रमाणात वाढते. मात्र तिथे यकृताऐवजी मूत्रपिंडांचा विचार करावा लागतो आणि तोही केवळ क्रिएटिनिनच्या (मूत्रपिंडे बाहेर टाकतात त्या रक्तातील एका टाकाऊ पदार्थाच्या) आकड्यावरून होत नाही. १४० मधून वय वजा करून वजनाने गुणायचे आणि क्रिएटिनिनच्या ७२ पटीने भागायचे, असे मूत्रपिंडांची रक्त गाळण्याची गती (मिनिटाला किती मिलिलिटर) काढण्याचे पुरुषांसाठी सूत्र आहे. स्त्रियांसाठी येणारी संख्या ०.८५ ने गुणतात. ६० किलो वजनाच्या २५ वर्षांच्या तरुणाचे क्रिएटिनिन १.० असेल तर उत्तर ९६ येते आणि ६१ वर्षांच्या माणसाचे तेच १.० असेल तर ६६. रिपोर्टमध्ये दोघांच्याही आकड्यापुढे "सामान्य" असेच छापलेले असते.

कोयनाकाठ:

आज डॉक्टरांशी सविस्तर बोलले. जत्रेची आणि चुकलेल्या गोळीची गोष्ट त्यांना मी पहिल्यांदाच सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, अल्ब्युमिनचा हिशेब स्वतः करून पाहिला आणि डोस पुन्हा ३०० वर आणला. चार आठवड्यांनी रात्रीच्या गोळीआधी संध्याकाळी रक्त घ्यायचे ठरले आहे. सोबत अल्ब्युमिनही तपासायचे आहे, आणि नमुन्याच्या कागदावर शेवटच्या गोळीची वेळ मी स्वतः लिहिणार आहे. वडिलांनी गोळीची वेळ जेवणाशी न बांधता रात्रीच्या साडेआठशी बांधली आहे. यापुढे भजनाला बसले तरी गोळी खिशात असेल असे ते म्हणाले, आणि जागरण मात्र बारापर्यंतच, यावर आईने त्यांच्याकडून होकार घेतला आहे.

रक्तनमुना:

ताई, एवढेच लक्षात असू द्या की याआधीचे दोन्ही नमुने सकाळी नऊचे, म्हणजे गोळीनंतर साडेबारा तासांनी घेतलेले होते. संध्याकाळचा नमुना त्यापेक्षा थोडा कमी येईल, आणि ते साहजिक आहे. जुन्या ९ शी थेट तुलना करायची असेल तर या वेळीही सकाळी नऊलाच रक्त द्या. दोन्हींपैकी कोणती वेळ ठेवायची ते डॉक्टरांना विचारून ठरवा आणि मग तीच कायम ठेवा.